करमत नाही

दवाखान्याच्या खिडकीतल्या बाईनं नाव विचारलं.
सांगितलं. पुन्हा सांगितलं.
तिसऱ्यांदा तिनं स्वतःच काहीतरी टाइप केलं
आणि त्या काहीतरी नावाच्या माणसाला
अकरा आठवड्यांनंतरचा बुधवार मिळाला.

तोवर हडर्सफील्डच्या चढावरची झाडं
पिवळी झाली, झडली, नुसत्या काटक्या उरल्या.
मी गोदामात रात्रपाळीला खोकी मोजली.
घरी यायचो तेव्हा हेमांगी निघून गेलेली असायची,
दाराशी तिच्या वॉर्डातल्या चपला नसायच्या,
एवढंच आमचं बोलणं.
लेकीला सांगितलं, गुडघा दाखवायला जातोय.
गुडघ्याला कुणी नावं ठेवत नाही.

खोलीत टेबलावर टिश्यूचा डबा,
इतका मधोमध, की रडणं सक्तीचं वाटावं.
समोर लिनेट नावाची नर्स,
तळहातावर पेनानं लिहिलेलं: दूध, बल्ब.
आणि स्पीकरवर टाकलेला फोन. त्यात दुभाषी.
तिला नाव नव्हतं, नंबर होता.
चार शून्य सात एक.
मराठी जपून पुस्तकी, पण मधूनच
अकोल्याकडचं ‘करून राह्यले’ निसटायचं.

प्रश्न कागदावरचे.
गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस?
अजिबात नाही, तर शून्य. जवळजवळ रोज, तर तीन.
झोप? दोन. भूक? एक.
आपण वाया गेलो असं वाटतं?
बावीस वर्षं आयटीआयमध्ये
पोरांना सरळ रेघ मारायला शिकवली मी.
म्हटलं, दोन लिहा.
तीन सांगायची लाज वाटली.

जगू नये असं?
दुभाषीचा आवाज आला
भरलेली कळशी घेऊन पायऱ्या उतरावं तसा.
म्हणालो, कालव्याच्या पुलावर एकदा थांबलो होतो.
खाली बदकं होती. माझ्याकडे पाव नव्हता.
घरी आलो.
लिनेटनं पेन खाली ठेवलं
आणि कागदावर नसलेलं बरंच काही विचारलं,
घाई न करता.
बाहेर कुणीतरी दोनदा दार वाजवून गेलं.

मग म्हणाली, तुमच्या शब्दांत सांगा. काय होतंय?
मी म्हणालो, करमत नाही.

फोनमध्ये काहीच नाही.
लाइन तुटली की काय म्हणून लिनेट पुढं वाकली.
तेवढ्यात चार शून्य सात एक इंग्रजीत बोलायला लागली
आणि बोलतच राहिली.
मला समजलं त्यात संध्याकाळ होती,
‘कंटाळा नव्हे’ असं दोनदा होतं,
ताट वाढलेलं आणि शेजारचा पाट रिकामा,
असलं काहीतरी होतं.
मी दोनच शब्द दिले होते तिला.
त्यात एवढा ऐवज बांधलेला होता
हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

लिनेट म्हणाली, स्पेलिंग सांगा.
के, ए, आर…
फॉर्मवर त्याला चौकोन नव्हता. समासात लिहिलं.

पुढचं सगळं रीतसर:
आणखी एक यादी, आणखी एक थांबणं,
रात्री-अपरात्री फिरवायचा नंबर, खिशात मावेल अशा कार्डावर,
शिवाय एक पत्ता. जुन्या चॅपलचं तळघर,
गुरुवारी, चहा असतो,
लोक मोडकी यंत्रं दुरुस्त करतात.

फोन ठेवायच्या आधी, नियमात बसत नसताना,
दुभाषी हळूच म्हणाली,
“मले बी नव्हतं करमत. चार वर्सं.”
काय म्हणाली ती, लिनेटनं विचारलं.
मी तोंड उघडलं.
इंग्रजीत ते कुठून सुरू करायचं
मला सापडेना.

गुरुवारी टोस्टर काखेत मारून चढ उतरलो.
तो बिघडलेला नव्हता.
आदल्या रात्री मीच
प्लगातली एक तार सैल करून ठेवली होती.